चौथा बोळा

नदीची चढण निम्मी झाली आणि मोटार पुन्हा मेली.

कारभारीनं हातब्रेक ओढला, खाली उडी टाकली आणि मागच्या चाकाला दगड लावला. सकाळपासूनची ही तिसरी खेप होती. पहिल्या खेपेला प्रवरेच्या पात्रात म्हशी धुणारी माणसं खदाखदा हसली होती. आता त्यांनी हसणंही सोडून दिलं होतं, आणि कारभारीला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दहा मिनिटं थांबलं की इंजिन चालू होई. सपाटीला रडतखडत का होईना, पण चाले. चढ लागला की मात्र धाप लागल्यासारखं करी आणि बंद पडे. कारभारीनं टोपी काढून घाम पुसला, मोटार उतारावरून मागं सोडली आणि नेवाशात वकिलांच्या अंगणात आणून उभी केली.

कारभारी हा नगरच्या माळीवाड्यातला मोटार मिस्त्री. नेवासा, राहुरी, शेवगाव, चहूकडं त्याचं नाव होतं. नुसता आवाज ऐकून तो इंजिनाचं दुखणं सांगतो, अशी त्याची ख्याती होती. ती पसरवण्यात निम्मा वाटा त्याचा स्वतःचाच होता, पण उरलेली निम्मी खरी होती. माणूस तोंडाळ, पण हात सोन्याचा. म्हणून तर विष्णुपंत वकिलांनी मोटार विकायची ठरवल्यावर त्यालाच बोलावलं. राहुरीचा एक बागाईतदार परवा मोटार न्यायला येणार होता. त्याची अट एकच होती, गाडी घाट चढली पाहिजे.

घाट हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे.

लढाईच्या दिवसांत, बेचाळीस साली, पेट्रोल कुपनावर आलं आणि कुपनंही मिळेनाशी झाली. तेव्हा विष्णुपंतांनी मोटार बंद करून ठेवली. बंद करायला कारभारीच आला होता. चाकांखाली ठोकळे लावून, बॅटरी काढून, तेलपाणी बघून त्यानं गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली झाकून ठेवली होती. पुढं दोन वर्षं ती जागची हलली नाही. अडीअडचणीला म्हणून पेट्रोलचे दोन सीलबंद डबे तेवढे विष्णुपंतांनी कोठीच्या खोलीत कुलपात ठेवले होते, आणि किल्ली ड्रायव्हर सहादेवकडं.

चव्वेचाळीसच्या भाद्रपदात ती अडचण आली. वकिलांच्या पत्नी दमयंतीबाई बाळंतपणात अडल्या. सुईण राहीबाईनं दोन्ही हात टेकले आणि नगरच्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. सहादेवनं घाईघाईनं ठोकळे काढले, बॅटरी लावली, हवा भरली, पेट्रोल ओतलं आणि पहाटेच गाडी निघाली. घोडेगावापर्यंत ती बैलगाडीच्या चालीनं गेली. पुढं इमामपूरच्या घाटाखाली बंद पडली ती पडलीच. सहादेवनं पंधरा वेळा हँडल मारलं. शेवटी जेऊरहून बैलगाडी आणली. दमयंतीबाई त्या बैलगाडीतच गेल्या, भर दुपारी, घाटाच्या तिसऱ्या वळणावर. त्यांचं डोकं तेरा वर्षांच्या इंदूच्या मांडीवर होतं.

मोटार का बंद पडली याचं उत्तर गावानं त्याच संध्याकाळी शोधून काढलं. सहादेवनं डब्यातलं पेट्रोल काळ्याबाजारात विकलं आणि त्यात रॉकेल भरून ठेवलं. किल्ली त्याच्याचकडं होती ना? विष्णुपंतांनी त्याला चावडीवर चारचौघांत चोर म्हटलं आणि कामावरून काढलं. बैल लावून मोटार परत आणली, पत्र्याखाली लोटली, आणि पुन्हा तिच्याकडं कुणी बघितलं नाही. कारभारीनंही तेव्हा माळीवाड्यात छाती ठोकून सांगितलं होतं, "मी बंद केल्याली गाडी अशी मरत नसती. रॉकेलच ते."

आणि आता ती त्याच्याच हातात तशीच मरत होती.

कालपासून त्यानं काय काय केलं नव्हतं? टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाकलं, टाकी धुतली. कार्बोरेटर उघडला, आत डिंकासारखा थर चढला होता, तो खरवडून काढला. प्लग बदलले. ठिणगीची प्लॅटिनं घासली. व्हॉल्व्ह अडकले असतील म्हणून तेही पाहिले. नवं पेट्रोल घातलं. गाडी चालू झाली तेव्हा आवाज असा गोड आला की त्यानं वकिलांकडं बघून मिशीला हात लावला. आणि नदीच्या चढणीवर ती मेली.

आता तो अंगणात उकिडवा बसून विचार करत होता. बाजूला टाकीतून काढलेलं जुनं पेट्रोल डब्यात होतं. काहीतरी मनात आलं म्हणून त्यानं त्यात बोट बुडवलं आणि वहीच्या कोऱ्या कागदावर एक ठिपका टेकवला. कागद उन्हात धरला. ठिपका बघता बघता उडाला. मागं डिंकाचा पिवळट डाग राहिला, पण तेलकटपणा अजिबात नाही. रॉकेल असतं तर कागद तेलकट राहिला असता. त्यानं दुसरा ठिपका टेकवला, तिसरा टेकवला. तेच.

पेट्रोल चोख होतं. सहादेवनं काही विकलं नव्हतं, काही मिसळलं नव्हतं.

मग गाडी का मेली?

त्यानं इंजिन पुन्हा चालू केलं आणि बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहिला. दोन मिनिटांत इंजिनाजवळची धुराची नळी तापून लालसर दिसायला लागली. ते बघून तो चालत मागं गेला आणि धुराच्या नळीच्या तोंडाशी तळहात धरला. खरं तर हे त्यानं सगळ्यात आधी करायला हवं होतं. उस्तादानं पहिल्या वर्षी शिकवलेली गोष्ट होती ही. पण कालपासून त्याच्याही डोक्यात पेट्रोलच बसलं होतं, साऱ्या गावासारखं.

हाताला वारा लागेना. पुढं इंजिन धडधडतंय आणि मागं नळीतून फुंकरसुद्धा येत नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. नळी निवेपर्यंत थांबायचा धीर नव्हता, पोत्याचं फडकं हातात धरून तो गाडीखाली सरपटला आणि सायलेन्सरचे नट सोडले. आत तारेचा आकडा घातला. आकडा मऊशार कशाला तरी अडकला. त्यानं ओढलं. काळाठिक्कर पडलेला कापडाचा बोळा बाहेर आला. मधोमध जळून त्याला बोटभर भोक पडलं होतं. तेवढ्या भोकातून गाडी श्वास घेत होती.

गाडीखाली उताणा पडूनच त्यानं बोळ्याची घडी उलगडली. आतल्या बाजूला कापड हिरवं होतं, काठाला पिवळा पट्टा होता.

ते चांगुणाच्या लुगड्याचं कापड होतं. त्याच्या बायकोच्या. बेचाळीस साली गाडी बंद करायला येताना त्यानंच तिचं जुनेर मागून आणलं होतं आणि इथंच, याच अंगणात, त्याचे चार तुकडे फाडले होते.

कारभारीला गाडीखालून बाहेर येता येईना. नळीत आणि इंजिनात उंदीर जाऊ नयेत, ओल जाऊ नये म्हणून तेलात भिजवलेले चार बोळे त्यानं घातले होते. एक हवेच्या तोंडाला, एक तेलाच्या नळीला, एक धुराच्या नळीच्या तोंडाशी. शेजारी गोठा, उंदरांचा सुळसुळाट, म्हणून चौथा सायलेन्सर सोडून थेट आत. बाहेरून दिसणारे तीन सहादेवनं काढले. चौथा राहिला.

पण मग त्याला दुसरी गोष्ट आठवली आणि जीव भांड्यात पडला. सुतळी! उस्तादाची रीतच होती ती. बंद गाडीत जितके बोळे घालशील तितक्या गाठी मारलेली सुतळी स्टेअरिंगला बांधायची. गाडी उघडणाऱ्यानं एक बोळा काढला की एक गाठ सोडायची. गाठी संपल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. मोटारवाल्यांपलीकडं ही रीत कुणाला ठाऊक नसे, पण सहादेवला ती पक्की ठाऊक होती. कारभारीनं चार गाठी मारल्या होत्या, स्वतः घट्ट ओढून बांधल्या होत्या. शप्पथ घ्यायची वेळ आली तरी घेतली असती. म्हणजे चूक सहादेवची. त्यानं गाठी मोजल्या नाहीत. दुसऱ्याची चूक निघाली याचा आनंद होणं वाईट, हे कारभारीलाही कळत होतं, पण त्याला आनंद झाला.

तो गाडीखालून बाहेर आला. इंदू ओसरीच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होती. पंधरा वर्षांची मुलगी, पण चेहरा मोठ्या बाईचा झाला होता.

"सापडलं का काही, कारभारीदादा?"

"सापडंल, सापडंल," कारभारीनं बोळा पाठीमागच्या पोत्याखाली सरकवला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "इंदूताई, ह्या गाडीच्या स्टेरिंगला एक सुतळी हुती का वो? गाठी मारल्याली?"

"ती तेलकट?" इंदू म्हणाली. "हो, होती की. मीच सोडली ती."

"कवा?"

"तुम्ही गाडी बंद केलीत ना, त्याच वर्षी. खंडेनवमीला. आई म्हणाली, विळी-कोयता पुजायचा तर मोटार कशाला उपाशी ठेवायची? जा, पुसून घे आणि हार घाल. मी सगळी गाडी पुसली. ती सुतळी इतकी घाण होती, हार काळा झाला असता. म्हणून सोडली आणि बंबात टाकली." ती थोडी हसली. "आई म्हणाली होती, आता कशी नव्या नवरीसारखी दिसते."

अकरा वर्षांची पोर, आईचं ऐकून मोटारीची पूजा करते. स्वच्छ पुसते, हार घालते. आणि तीच सुतळी नाही म्हणून दोन वर्षांनी तिची आई तिच्याच मांडीवर जाते.

"का?" इंदूनं विचारलं. "ती कशाची होती?"

आयुष्यात कारभारीनं बढाया पुष्कळ मारल्या होत्या. पण इतकं चटकन खोटं त्याच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"कशाची न्हाई. माज्या पान्यांचं गाठोडं बांधायची सुतळी ती. हितंच इसरून गेल्तो. चांगली हुती म्हून इचारलं."

"एवढंच ना? मी देते दुसरी," इंदू म्हणाली आणि चहाचा कप पायरीवर ठेवून आत गेली.

चहा तसाच निवत राहिला. कारभारीला दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही वाईट होत्या. बोळा गुपचूप चुलीत घातला तर गाडी परवा घाट चढेल, वकील खूश होतील, त्याचं नाव राहील, आणि सहादेव मरेपर्यंत चोर राहील. खरं सांगितलं तर सहादेव सुटेल, तो स्वतःही सुटेल, आणि ही पोर पुन्हा कधी सरळ उभी राहणार नाही.

इंदू बाहेर आली तेव्हा तिच्या मागोमाग विष्णुपंतही आले. कोर्टाला सुट्टी होती. अंगात नुसती बंडी, हातात चष्मा.

"काय निदान झालं, मिस्त्री?"

कारभारीनं पोत्याखालून बोळा काढला आणि पायरीवर ठेवला.

"वकीलसाहेब, ह्यो बोळा नळीत ऱ्हायला हुता. धूर भाईर पडत नव्हता म्हून गाडी वढत नव्हती. पेट्रोल चोख हुतं. आजबी चोख हाय, मी बघितलं. सहादेवनं कायबी केल्यालं न्हाई."

विष्णुपंतांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण बोळ्याला हात लावला नाही.

"हा कुणी घातला?"

"मीच. बेचाळीसला."

"सहादेवला हे ठाऊक नव्हतं?"

"न्हाई. मी चार घातले आन् त्येला तीन सांगितले."

"का?"

"चुकलो. मोजायला चुकलो."

विष्णुपंतांची बावीस वर्षं साक्षी तपासण्यात गेली होती. आवाज न चढवता ते पुढं म्हणाले, "वीस वर्षं हे काम करतोस. आत किती बोळे घातले याची काही खूण ठेवायची पद्धत नसते?"

कारभारीनं इंदूकडं बघितलं नाही. आपल्या तेलकट पायांकडं बघितलं.

"न्हाई. धेनात ठेवायचं असतं. माज्या धेनात ऱ्हायलं न्हाई."

"नक्की?"

"नक्की, साहेब. समदी चूक माजी हाय."

इंदू बोळ्याकडं टक लावून बघत होती. मग तिनं हातातली नवी सुतळी हळूच पायरीवर ठेवली आणि पदराचं टोक तोंडात धरून आत निघून गेली. तिच्या डोळ्यांत संताप होता. तो संताप आपल्यावर आहे हे पाहून कारभारीला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

विष्णुपंत पायरीवर बसले.

"मी त्याला चावडीवर चोर म्हणालो," ते म्हणाले. "त्याची बायको दगडाबाई माझ्या पाया पडायला आली होती. मी दार लावून घेतलं." मग त्यांनी मान वर केली. "तू जा आता. तुझं अवजार घे आणि जा. पुन्हा या दारात येऊ नकोस, आणि या तालुक्यात तुला कोणी मोटार दाखवणार नाही, एवढं मी बघीन."

"व्हय, साहेब."

"सहादेव कुठं असतो, ठाऊक आहे?"

"घोडेगावच्या बाजारात ऱ्हातो म्हनत्यात. जनावरं धुतो."

"त्याला सांग, मी येतोय म्हणून."

कारभारीनं सायलेन्सर परत जोडला, गाडी एकदा नदीच्या चढणीवर नेऊन आणली आणि मग अवजार उचललं. दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता. नगरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून कारभारी मध्येच उतरला. शेकडो म्हशी, बैल, धूळ, दलालांची ओरड. सहादेव त्याला पाणवठ्याशी दिसला. विक्रीच्या म्हशी व्यापाऱ्यांना चकचकीत करून लागतात, तो त्या घासून धूत होता. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेलं, दाढीचे खुंट पांढरे झालेले. एके काळी हा माणूस खाकी कोट घालून, पितळी बटणं चमकवून वकिलांची गाडी चालवत होता.

कारभारी त्याच्यासमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. बोळा सापडला. पेट्रोल चोख निघालं. वकिलांना सांगितलं की चूक माझी, मीच तीन सांगितले. तुझं नाव धुऊन निघालं.

सहादेवच्या हातातला काथ्या थांबला. तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"दोरीचं बोललास का?"

"न्हाई."

"इंदूताईला?"

"तिला म्हनलं, पाने बांधायची सुतळी हुती."

सहादेवनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. कारभारीला आधी कळेना, मग हळूहळू कळत गेलं.

"तुला ठाव हुतं?" त्यानं विचारलं.

"त्या दिशी न्हाई," सहादेव म्हणाला. "त्या दिशी सुतळी दिसली न्हाई, मला वाटलं तू बांदलीच नसशील. दिसले तेवढे बोळे काढले आन् निघालो. तिसऱ्या दिशी घरी बसलो हुतो, तवा आठावलं. खंडेनवमीला मीच झेंडूची फुलं आनून दिली हुती पोरीला. तिनं सुतळी बंबात टाकताना बघितलं हुतं मी, पर तवा गाठींचं धेनात आलं न्हाई. आत एखादा बोळा ऱ्हायला असंल, असं मनात आलं. तसाच उठून वकिलांच्या दारापतुर गेलो. ती दारात बसली हुती, आईचं लुगडं मांडीवर घिऊन. तसाच माघारी फिरलो."

"आन् दोन वर्सं चोर म्हनवून घेतलंस?"

"मग काय करनार? वकील मानूस त्यो. बोळा म्हनलं आस्तं तर दोन सवालांत दोरीपतुर पोचला आसता."

आपण काल केलं ते केवढं मोठं, असं त्याला रात्रभर वाटत होतं. सर्व्हिस मोटारीत बसल्यावरही वाटत होतं. आता त्याला मान वर करायची लाज वाटली.

"वकीलसाहेब येनार हायेत," तो कसाबसा म्हणाला. "तुजी माफी मागायला."

"त्येंला सांग, येऊ नगा."

"आरं, पर चावडीवर चारचौघांत..."

"आले की बोलत्याल, इचारत्याल. मला तुज्यावानी खोटं बोलता येत न्हाई, कारभारी. मी गप बसू शकतो, तेवढंच." त्यानं काथ्या पाण्यात बुडवून पिळला. "सांग त्येंला, सहादेवचा राग न्हाई म्हनावं. पर येऊ नगा."

पलीकडून व्यापाऱ्यानं हाक मारली. सहादेवनं बादली उचलली. दोन पावलं गेला आणि थांबला. दोन वर्षांत त्यानं त्या गाडीविषयी कुणाला एक शब्द विचारला नव्हता.

"आता वढती का?"

"वढती," कारभारी म्हणाला. "काल बोळा काढल्यावर नदीची चढन तिसऱ्या गेरात गेली."

"तिसऱ्या," सहादेव म्हणाला. त्याचा डावा पाय, क्लच दाबल्यासारखा, चिखलात किंचित रुतला. मग तो बादली घेऊन पुढच्या म्हशीकडं गेला.